तीन दिवसांचं शोधन

माझ्या लेकीच्या उपचाराच्या कागदांत एक रकाना होता: औषधाच्या दिवशी घरी घेऊन जाणारं आणि रात्रभर सोबत राहणारं जबाबदार माणूस. त्यात तिने माझं नाव लिहिलं. त्या एका रकान्यासाठी मी सांगलीहून आयर्लंडला, ड्रोहेडा नावाच्या गावी गेले. इकडे सगळ्यांना सांगितलं, लेकीची पाठ धरलीय, चार दिवस मदतीला जातेय. ते अगदीच खोटं नव्हतं. सगळं सुरू झालं ते पाठीपासूनच.

ती डब्लिनला एमएस करायला गेली आणि मग तिथेच राहिली. ड्रोहेडाजवळच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिसऱ्या वर्षी मणक्यातली चकती सरकली. तिकडे औषधाच्या दुकानात कोडीन घातलेली वेदनाशामक गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, फक्त फार्मासिस्ट चार प्रश्न विचारतो. कोडीन म्हणजे अफूच्याच घरातलं. लेक हुशार, चारही उत्तरं तिने पाठ केली. एक दुकान ड्रोहेडात, एक डंडॉकला, दोन नवनला, असं करत करत पाठ बरी झाली तरी गोळ्या चालूच राहिल्या. दोन वर्षांनी त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झाला. हॉस्पिटलात एका डॉक्टरणीने दार लावून विचारलं, दिवसाला किती, आणि तिने पहिल्यांदा खरा आकडा सांगितला.

मला हे फोनवर कळलं, तेही सहा महिन्यांनी. मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "एवढी शिकलेली तू, तुला कळलं नाही?" मग तिने जेवलीस का विचारलं.

हॉस्पिटलातल्या त्या दिवसापासून तिला रोज सकाळी जिभेखाली धरायची एक गोळी होती. ती गोळीही अफूच्याच नात्यातली, पण माणसाळलेली. तिने नशा चढत नाही, शरीराची मागणी तेवढी गप्प बसते. लेक कामावर जायला लागली, वजन भरलं. पण ती म्हणायची, "आई, मी ठीक आहे, पण मी कुठेच नाहीये." डब्लिनमधल्या एका क्लिनिकमध्ये तेव्हा नवा अभ्यास सुरू होता. अशा लोकांना, रोजची गोळी चालू ठेवूनच, एक दिवस मशरूममधून निघालेलं औषध द्यायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून सहा-सात तास झोपवायचं, दोन समुपदेशक शेजारी बसणार. मग पुढे काही आठवडे, त्या दिवशी जे वर आलं त्यावर बोलायचं. तिने अर्ज केला आणि तिला घेतलं.

"अळंब्याच खायच्या तर मी भाजी करून घातली असती की," मी म्हणाले. ती हसली. मी विनोद करते तेव्हा मला भीती वाटत असते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

आता माझ्याबद्दल. माझे वडील वैद्य होते. त्यांच्या दवाखान्यात मी लग्नापर्यंत खलबत्ता चालवला आणि लग्नानंतरही, माहेर दोन गल्ल्या पलीकडे असल्यामुळे, निम्मा दिवस तिथेच असायची. एका डबीत अफू असायची, तिला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. जोरकस औषध देण्याआधी ते रोग्याला तीन दिवस लंघन घालत. मुगाचं कढण, तांदळाची पेज, शेवटच्या रात्री एरंडेल. आधीची सगळी औषधं बंद. याला ते शोधन म्हणत. मळलेल्या कापडाला रंग नीट बसत नाही, हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ते गेले, दवाखाना बंद झाला, पण घरात कुणाला साधा खोकला झाला तरी मी पहिला प्रश्न विचारते तो पोट साफ आहे का हाच. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. माझे यजमान ऐकून ऐकून गेले.

औषधाचा दिवस गुरुवारी होता. त्याच्या आदल्या आठवड्यात लेक मला क्लिनिकमध्ये घेऊन गेली. समुपदेशक दोघं होते, एक पन्नाशीची बाई आणि एक दाढीवाला तरुण. दोघंही इतकं हळू बोलत की मलाच खोकावंसं वाटायला लागलं. त्यांनी माझं काम समजावलं. पाचला येऊन घेऊन जायचं, घरात शांतता ठेवायची, प्रश्न विचारायचे नाहीत, ती रडली तर रडू द्यायचं. आणि बाई म्हणाली, रोजची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, औषधाच्या दिवशीसुद्धा नाही. हे ती लेकीकडे बघून म्हणाली, मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली. मला ते कळलं. इंग्रजी येत नाही ही सबब मी इथे सांगणार नाही.

पण मी मनात म्हणाले, तुम्हाला काय माहीत.

सोमवारी सकाळी लेक टेबलाशी बसली, पाकिटातून गोळी काढली आणि मी बोलले. रागावून नाही, अगदी मायेने बोलले, आणि तेच वाईट झालं. म्हणाले, "एका अफूवर दुसरं औषध घालणार तू. आतला कोठा भरलेला असला तर ते अळंबीचं औषध लागणार कुठे? तुझे आजोबा असते तर तीन दिवस सगळं बंद केलं असतं त्यांनी. तीनच दिवस गं. मी आहे ना."

ती गोळीकडे बघत राहिली. "ते नाही म्हणालेत, आई."

"ते म्हणणारच. त्यांना तुझा कोठा काय माहीत."

"मला पण कधीकधी वाटतं," ती म्हणाली, "की ही आत असताना मी खरी नसतेच. क्लीन जावं एकदा तिथे."

"मग?"

तिने गोळी पाकिटात परत ठेवली आणि ते पाकीट प्रेसमध्ये टाकलं. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, तीही म्हणायला लागलीय. मला काय आनंद झाला. इतक्या वर्षांत तिने माझं एक ऐकलं होतं. मी मुगाची डाळ शिजत घातली.

सोमवार छान गेला. ती कढण प्यायली, आम्ही नदीकाठाने फिरून आलो. बॉइन नदीला भरती असली की पाणी उलट्या दिशेने चढताना दिसतं, ते तिने दाखवलं. मंगळवारी ती जरा चिडचिडी होती. दुपारनंतर जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा दुखेल इतक्या. मग नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून पाणी. रात्री पाय सारखे हलवत होती.

बुधवारी सकाळी तिचं पोट बिघडलं. हातांवर काटा उभा, बाहेर बऱ्यापैकी ऊन असताना. आणि मी काय केलं असेल? मी खूश झाले. वडिलांच्या रोग्यांचं असंच व्हायचं. तिसऱ्या दिवशी नाक गळायचं, पोट सुटायचं, आणि ते म्हणायचे, निघतंय, निघू दे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत तेच म्हणाले. "निघतंय सगळं. निघू दे." ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत होती आणि मी डोक्याला तेल लावत होते.

दुपारी तीनच्या सुमाराला ती उठली आणि कोट घालायला लागली.

"कुठे?"

"पेस्ट संपलीय. आलेच."

मी न्हाणीघरात जाऊन पाहिलं. पेस्टची नळी भरलेली होती. बाहेर आले तोवर दार लागलं होतं. पायात जे सापडलं ते घालून मी मागे धावले. साठी ओलांडलेली बाई धावते ते काय धावणं, पण धावले. पुलावर ती दिसली. पूल ओलांडून ती डावीकडे वळली. मी पोहोचले तेव्हा ती एका औषधाच्या दुकानासमोर उभी होती. आत गेली नव्हती. दोन्ही हात खिशात घालून काचेतून आत बघत होती.

मी जवळ जाऊन उभी राहिले. मला धाप लागली होती, बोलता येईना.

"तू घरी जा, आई," ती म्हणाली.

"काय घेणार आहेस?"

"काही नाही. नुसती उभी आहे." मग म्हणाली, "दीड वर्षात मी अशी कुठे उभी राहिले नव्हते."

हे ती आवाज न चढवता म्हणाली. मला त्यात दोष दिल्यासारखं काही ऐकू आलं नाही, आणि तरी मी समजले की हे शोधन नाही. हे दुसरंच काहीतरी आहे आणि ते मी सुरू केलंय. वडिलांकडे आलेल्या एकाही रोग्याला मी असं कुठल्या दुकानासमोर उभं पाहिलं नव्हतं.

"घरी चल. गोळी घे," मी म्हणाले.

ती चालायला लागली, घराच्या दिशेने, एवढं एक बरं. पण घरी आल्यावर गोळी घेईना. मी हात जोडले. ती म्हणाली, आता एकच रात्र उरलीय, एवढं सोसलं ते फुकट कसं घालवू. मग तिने पाकिटातल्या तीन दिवसांच्या तीन गोळ्या काढल्या, तळहातावर घेतल्या आणि नळाखाली धरल्या. त्या विरघळून बोटांतून वाहून गेल्या.

"हे काय करतेस?"

"ते पाकीट तपासतात. गोळ्या उरलेल्या दिसल्या तर मला काढून टाकतील. उद्याची पण सकाळी टाकेन." तिने नळ बंद केला आणि माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस."

तिचं कपाळ घामाने गार पडलं होतं. मी शपथ घेतली. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि तिचा तो चेहरा बघून नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

गुरुवारी सकाळच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि जांभया लपवत होती. मी रुमालात आल्याच्या वड्या घेतल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. डब्लिन येईपर्यंत मी एकच विचार केला: संध्याकाळी हे सगळं संपलेलं असेल. ती औषध घेईल, झोपेल, उठेल, उद्यापासून मी स्वतः तिला गोळी देईन. माझी शपथ राहील आणि तीही राहील. असा हिशेब मांडून मी स्वतःची समजूत घातली.

औषधाची खोली घरातल्या बैठकीच्या खोलीसारखी सजवलेली होती. सोफा, पांघरूण, दिवा, कुंडीत झाड. मला ती आवडली नाही. हॉस्पिटलने हॉस्पिटलसारखं दिसावं. नर्स आली. तिने रक्तदाब घेतला, नाडी मोजली, ती जास्त भरली. लघवी तपासली, त्यात गोळीचं औषध अजून दिसत होतं, कारण ते अंगातून सावकाश जातं. पाकीट पाहिलं. बरोबर होतं.

"आज सकाळची गोळी घेतलीस?" नर्सने विचारलं.

"हो," लेक म्हणाली.

"झोप?"

"कमी झाली. जरा टेन्शन आहे."

समुपदेशक बाईने तिच्या डोळ्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "खरंच बरी आहेस ना?"

"आय ॲम ग्रँड," लेक म्हणाली. तिकडे सगळेच तसं म्हणतात, बरं असलं तरी आणि नसलं तरी. बाईने मान हलवली. एका छोट्या वाटीत कॅप्सूल आणून मेजावर ठेवली. लेकीने बूट काढले. मला बाहेर जायची वेळ झाली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने डोळ्यांनीच मला शपथेची आठवण करून दिली.

नर्स मला दारापर्यंत सोडायला आली. लांब बोळ होता. माझे पाय पुढे चालत होते आणि मी काय करतेय हे मलाच कळत नव्हतं. मला वाटलं, न सांगता विचारता येईल. शपथ सांगू नकोची होती, विचारू नकोची नव्हती. वकिली करायला मी कधी मागे राहिले नाही.

मी माझ्या इंग्रजीत विचारलं, "सिस्टर, समजा एखाद्याने ती गोळी सोडली. तीन-चार दिवस. मग काय होतं?"

ती चालता चालता सांगायला लागली. अंग दुखतं, हागवण लागते, झोप जाते, हे मला माहीतच होतं. मग ती म्हणाली, त्यापेक्षा वाईट पुढे असतं. गोळी सुटली की शरीराची सवय उतरते, पण मागणी परत येते. एखाद्या वाईट दिवशी ते माणूस पूर्वी घ्यायचं तेवढंच घेतं आणि आता तेवढं झेपत नाही. श्वास बंद पडतो. "आमच्याकडची माणसं दगावतात ती गोळी घेताना नाही," ती म्हणाली, "सोडल्यावर." आणि आजचा दिवस म्हणजे मनातलं सगळं उघडं पडण्याचा, त्याच्यानंतरचे दिवस तर फारच नाजूक. म्हणून गोळी हवीच.

मग ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "का विचारताय?"

माझा हात लेकीच्या डोक्यावर होता. म्हणजे तेव्हा नव्हता, पण मला तळहाताला तो गार घाम जाणवत होता. लहानपणापासून ऐकलेलं, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की लेकराचंच बरं-वाईट होतं. मी शिकलेली आहे, पेपर वाचते, आणि तरी हे माझ्या हाडात आहे. मी बोलले तर ती मरेल, असं मला वाटलं. आणि नाही बोलले तर ती मरेल, असं ही नर्स आत्ताच सांगत होती. त्या बोळात उभी असताना मला देवाचा, वडिलांचा आणि स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली.

"थ्री डे," मी म्हणाले. "टुडे फोर. नो टॅब्लेट. मी सांगितलं तिला. मी."

नर्स पळाली. मी तिथेच भिंतीला धरून राहिले. दार उघडल्याचा आवाज आला, मग कुणाचाच आवाज आला नाही. कॅप्सूल तिने गिळली असेल की नसेल, हे कळायला मला फार तर मिनिटभर लागलं असेल. ते मिनिट मला आयुष्यात पुन्हा नको.

गिळली नव्हती. हातात पाण्याचा पेला होता.

तिला शेजारच्या साध्या खोलीत बसवलं, डॉक्टर आले, तपासून तिथेच जिभेखाली गोळी दिली. मला आत बोलावलं. ती भिंतीकडे बघत होती. डॉक्टर वयाने तिच्याएवढेच असतील. ते रागावले नाहीत, मला वाटत होतं रागवावं. त्यांनी सांगितलं की आज औषध होणार नाही. महिनाभर गोळी एकही दिवस न चुकता झाली तर पुन्हा विचार करू. तोवर गोळ्या घरी मिळणार नाहीत, रोज फार्मसीत जाऊन फार्मासिस्टसमोर घ्यायची. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी सोबतीला हेच नाव ठेवायचं का.

"नाही," ती म्हणाली. इंग्रजीत, पण अगदी सावकाश, मला कळावं म्हणून. "दुसरं कुणीही चालेल. आई नको."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी हलवली.

परतीच्या बसमध्ये ती बोलली नाही. मला वाटलं शपथ मोडली म्हणून. घरी पोहोचल्यावर, कोट काढता काढता तिने सांगितलं.

"तू सांगितलंस त्याचा राग नाहीये मला. बरं झालं सांगितलंस. पण सोमवारी तू म्हणालीस आणि मी लगेच ऐकलं. एकदाही भांडले नाही. म्हणजे मी कुणीतरी म्हणायचीच वाट बघत होते. तू समोर असलीस की मी तशी होते, आई. तुझी वाट बघत बसलेली."

मी कढणाचं पातेलं घासायला घेतलं.

तो महिना मी तिथेच काढला. जायचं म्हणाले होते, तीच म्हणाली, राहा. रोज सकाळी कामावर जाताना ती फार्मसीत जायची. मी कधी विचारलं नाही, घेतलीस का. विचारायला ओठ शिवशिवायचे. भाज्या चिरून चिरून फ्रीज भरला. शेजारी एक आयरिश विधवा राहायची, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. लेकीने तिला सगळं सांगितलं आणि त्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. ती चहात आधी दूध घालते, एवढ्याशा गोष्टीवरून मी मनात तिच्याशी भांडून घ्यायची.

ठरल्या गुरुवारी शेजारीण तिला स्वतःच्या गाडीने घेऊन गेली. घर शांत हवं, त्या रात्री मी तिथे नको, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते मी विचारलं नाही. मलिंगारच्या हॉस्पिटलात आमच्या सांगलीचं एक डॉक्टर जोडपं आहे, मी त्यांच्याकडे गेले. त्यांची धाकटी मुलगी माझ्या मराठी प्रश्नांना आयरिश हेलातल्या इंग्रजीत उत्तरं देत होती आणि मी पोळ्या लाटत होते. "काकू, किती करताय, पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मोजल्या, चाळीस झाल्या होत्या. रात्री आठला शेजारणीचा निरोप आला: घरी आलोत, खूप रडली, टोस्ट खाल्ला, झोपली. मी तो निरोप चारदा वाचला. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि मीही रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. दार शेजारणीने उघडलं, तोंडावर बोट ठेवून. माझ्या लेकीच्या घरात मला पाव्हण्यासारखं स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा दिला. दूध आधी. मी प्यायले.

तीनच्या पुढे लेक जिना उतरून आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, पण चेहरा मोकळा. बऱ्याच वर्षांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. माझ्याजवळ आली, माझ्या खांद्याला गाल लावून उभी राहिली. काय दिसलं, काय वाटलं, मी विचारलं नाही. शेजारणीला बहुतेक माहीत आहे. मला आजही माहीत नाही.

मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "फार्मसी पाचला बंद होते," ती म्हणाली आणि कोट घालायला घेतला.

बाहेर आडवा पाऊस होता. ती उभ्या उभ्या डुलत होती, कोटाची बाही सापडेना. आणि माझ्या तोंडून गेलं, कसं गेलं मला कळलं नाही, "किती थकलीयेस गं. आज राहू दे ना. एक दिवस..."

बोलता बोलता मलाच ऐकू आलं. शेजारणीला मराठी कळत नव्हतं, तरी ती चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

लेकीने दुसरी बाही घातली. बटणं लावली. ती रागावली नाही, थांबलीही नाही.

"नाही, आई," ती म्हणाली.

"मी येऊ बरोबर?"

"नको. बस तू."

दार लागलं. खिडकीतून ती पुलाच्या दिशेने जाताना दिसली, टोपी डोक्यावर ओढून, भराभरा. मी खुर्चीत बसले. मला स्वतःची लाज वाटत होती. आणि तिने मला नाही म्हटलं याचं इतकं बरं वाटत होतं की ती परत येईपर्यंत मी जागेवरून हलले नाही.